पायाखालची तार

३ ऑक्टोबर १९५८, शुक्रवार

पोहोचलो एकदाचे! माझी हाडं खिळखिळी झाली, पण पेटी शाबूत आहे. पेटी शाबूत असली म्हणजे झालं — बायकोच्या हाडांचं काय एवढं!

चांद्याहून मोटार, मग नदीवर डोंगा, मग बैलगाडी. गाडीत मऊ तणसावर पेटी बसली. तिच्याखाली माझी वाकळ, तिच्यावर माझी शाल. मी गाडीच्या दांडीला धरून. डोंग्यात तर यांनी पेटी मांडीवरच घेतली होती, लेकरासारखी. नावाडी विचारतो कसा, "भाऊ, तब्येत बरी नाई का तिची?" मी इतकी हसले की डोंगा हलला. हे डाफरले — "पेटी भिजीन!" बायको भिजीन असं कोणी म्हटलं नाही.

पेटी म्हणजे जमिनीतली तार शोधायचं मशीन. लढाई संपल्यावर फौजेचं सामान विकायला निघालं होतं, त्यातलं. आमचे फौजी तेव्हा बर्माच्या सरहद्दीवर सिग्नलमध्ये होते. तारा पुरायच्या आणि पुरलेल्या शोधायच्या, हेच काम. आता चांद्यात वायरमन आहेत. इथल्या सरकारी बियाणे फार्मवाल्यांना कळलं की हे मशीन चालवणारा माणूस चांद्यात आहे, म्हणून बोलावणं आलं. मी म्हटलं, तुमच्या भाकरी कोण थापीन? म्हणून मीही आले.

(यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. वाचणारं कोणी नाही, तरी सवय नको. फौजी पुरे.)

मुलचेऱ्याच्या अलीकडे फार्म आहे, भोवती सागाचं रान. कवेलूच्या छपराची एक खोली दिली आहे, मागे चूल. बरी आहे.

४ ऑक्टोबर

आज सगळं समजून घेतलं. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

तलावाच्या पाळीपासून इथल्या धानाच्या बांध्यांपर्यंत जमिनीखालून लोखंडी नळ आहे. मधे मधे तो सोडायचे व्हॉल्व. इथे सगळे त्याला 'वाल' म्हणतात. दोन वर्षांमागे मोठा पूर आला, सगळ्यावर गाळ बसला, गाळावर नांगर फिरला आणि वाल कुठे गडप झाले ते कोणाला सांगता येईना. मागच्या वर्षी पाऊस भरपूर, तेव्हा कोणाला त्यांची आठवणही झाली नाही. यंदा पाऊस भादव्यातच गेला. धान निसवायला आला आहे, तलावात पाणी आहे, नळात पाणी आहे — आणि बांध्या भेगाळल्या!

नळाच्या अंगाला अंग लावून एक घंटीची तार पुरलेली आहे. फार्मवर बटण दाबलं की तलावावरच्या चौकीत घंटी वाजायची. प्रत्येक वालाजवळ त्या तारेला वळसा दिला आहे. तार सापडली की वळसा सापडतो, वळसा सापडला की वाल.

मशीनचं तंत्र असं — तारेच्या टोकाला एक डबा जोडायचा, तो तारेत घुं घुं आवाज सोडतो. मग कानाला हेडफोन लावायचा, हातात तारेची वाटोळी चौकट धरायची (चाळणीसारखी दिसते) आणि शेतातून चालायचं. तारेच्या अलीकडे आवाज, पलीकडे आवाज. तार अगदी पायाखाली आली की — गप्प! जिथे गप्प तिथे खोदायचं.

फार्मचे फिटर जलालुद्दीनभाई, मोठे बोलके. त्यांनी हेडफोन लावून पाहिला. "अरे वा! डास गुणगुणून राह्यला, डास!" यांनीही लावला आणि मान हलवली. मग जलालभाई त्यांच्या इंजिनकडे गेले.

खोदायला लच्छू आणि त्याची बायको सुकरी. सुकरी शेजारच्या गोंडांच्या गावची. मला कानात विचारते, "बाई, वाल शोधाले मशीन काऊन लागते? माह्या कुंपनावर मांडवभर हायेत."

मला हसू आवरेना. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "हं हं, उद्या."

६ ऑक्टोबर

फार्म नाही हा, उंदरांचं गाव झालं आहे!

आमचे फौजी चाळणी घेऊन डौलात चालतात, एकदम थांबतात, टाच आपटतात — "इथी!" लच्छू खोदतो. माती. पुढे दहा पावलं — "इथी!" पुन्हा माती. एका खड्ड्यात जुनी चप्पल निघाली. सुकरी म्हणते, "बाई, जोडीची दुसरी बी शोधाले सांगा."

फार्मचे आगाशे साहेब पुण्याकडचे. आपण मुंबई राज्यात गेल्यावर ते इकडे आले. माणूस सभ्य, पण चेहरा सदा परीक्षेतल्या गणितासारखा. मी "चहा घेऊन येतो साहेब" म्हटलं तर दचकून पाहिलं. त्यांच्याकडे बाई 'येते' म्हणते. आमच्याकडे बाई येतो म्हणते आणि येतेही! (लिहिताना मी मास्तरांनी शिकवलेलं लिहिते. बोलताना घरचं.)

साहेब खड्ड्यांकडे पाहून म्हणाले, "फौजेत अशीच पद्धत होती का?"

हे म्हणाले, "होय साहेब. डाव्या बाजूनं."

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. साहेबांनाही नाही. पण दोघांनी मान हलवली.

७ ऑक्टोबर

आजही वाल नाही. सुकरीनं घरच्या शेंगा आणून दिल्या. भाजी छान झाली.

९ ऑक्टोबर

आज हसण्यासारखं काही नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं — दसऱ्यापर्यंत वाल सापडले नाहीत तर फार्मच्या बाजूनं तलावाची पाळ फोडायची. धान बियाण्याचा आहे, पुढच्या वर्षी साऱ्या तालुक्यात वाटायचा, तो जळू देता येणार नाही. त्यांचंही चुकत नाही. वरून विचारणा त्यांनाच होणार.

पण पाळ फोडली की पाणी हवं तेवढंच थोडं येणार आहे! सगळा तलाव रिकामा होईल. खाली सुकरीचं गाव. पाणी सोडायचा जुना तुडूम त्यांच्याकडे उघडतो, त्यावर त्यांचा धान, ढोरं, मासोळी, सगळं उन्हाळ्यापर्यंत.

सुकरी फावडं टेकवून म्हणाली, "फोडाले दोन घडीचं काम. बांधाले माह्या आज्यानं जवानी घातली." आणि पुन्हा खोदायला लागली. यांनी टाच मारली होती तिथेच. मातीच निघाली.

संध्याकाळी मी यांना म्हटलं, "मशीन बिघडलं असंन. जलालभाईंना दाखवा."

"मशीन बरोबर हाय."

"मग?"

चाळणी पुसत बसले. इतकी पुसतात की एक दिवस तार झिजेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज आमचे फौजी बहाद्दर ठरले! नीट लिहून ठेवते.

दुपारची वेळ. रानाच्या कडेच्या बांधीत काम चाललेलं. हे हेडफोन लावून पुढे, पाठ रानाकडे. मी भाकरीची शिदोरी घेऊन आले होते. तेवढ्यात वारुळामागून काळं काही हललं. मला वाटलं म्हैस. लच्छू ओरडला — "अस्वल!"

मग काय विचारता! लच्छू मोहाच्या झाडावर. सुकरी आणि मी बैलगाडीवर. मी कशी चढले देव जाणे, पदर चाकात, शिदोरी खाली. आगाशे साहेब, ज्यांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नाही, ते इंजिनघरात होते आणि आतून कडी! सुकरी रिकामं घमेलं बडवत होती. जलालभाई इंजिनघराच्या खिडकीतून अल्लाला हाका मारत होते.

आणि हे? हे चालत होते. चाळणी हातात, पावलं मोजकी. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. यांच्याकडे पाहिलं. हे थांबले, टाच मारली, "इथी!" म्हणाले. अस्वलानं जरा विचार केला आणि वळून रानात गेलं. खोदायचं काम नको वाटलं असेल.

हे मागे वळले. "सारे कुठी गेले?"

लच्छू झाडावरून उतरून सरळ पायाच पडला. जलालभाई म्हणाले, "फौज म्हणजे फौज!" यांना आधी काही कळेना. मग लच्छूनं अस्वलाचे पंजे जमिनीत दाखवले. क्षणभर चेहरा पांढरा पडला. मी पाहिलं, बाकी कोणी नाही. मग मिशीला पीळ दिला. "असे किती पायले बर्मात."

आगाशे साहेबांनी कडी काढून येत विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

हे म्हणाले, "होय साहेब, आत्ताच जेवणार."

सगळे हसले. काय गडी आहे, अस्वलानंतर भूक लागते! मीही हसले.

आता भाकरी भाजताना तव्याकडे पाहत बसले तर करपली. हेडफोन होता कानांवर, म्हणून अस्वल कळलं नाही, ठीक. पण साहेब बोलले तेव्हा हेडफोन गळ्यात होता.

१२ ऑक्टोबर

सकाळी हे अंगणात पेटीची पितळी टोकं घासत होते. मी मागे उभी राहिले.

म्हटलं, "दूध उतू चाललं."

घासणं चालू.

"तुमच्या मिशीत मुंगळा हाय."

घासणं चालू.

"मी माहेरी चालली. आता परत येत नाई."

फडका झटकला, पुन्हा घासणं.

मग काय अंगात आलं कोण जाणे. मी नाव घेतलं. "भैयाजी." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! जीभ भाजल्यासारखी झाली. पुन्हा मोठ्यानं — "भैयाजी!" कुंपणावरचा कावळा उडाला. हे हलले नाहीत.

जरा वेळानं आपणच वळले, मला पाहून हसले. "चहा मांडतं का?"

मी चहा मांडला. साखर घालायची राहिली. ते तसाच प्याले.

म्हणजे असं आहे! तार पायाखाली आली की आवाज गप्प होतो. आणि यांना तर सगळीकडे गप्पच. सगळीकडेच तार!

हे काय, नाव लिहिलं गेलं की. राहू दे.

१३ ऑक्टोबर

घट बसले. आणि आमचं भांडण झालं.

मी समोर बसून सरळ विचारलं. ओठ नीट हलवून. "तुम्हाले आयकू येत नाई."

"मले? मले सारं आयकू येते!" एवढे ओरडले की घटासमोरचा दिवा फडफडला. "कोन म्हनते? तुले काय कळते मशीनचं?"

मी दिव्याला आडोसा धरला. मग हे चुलीतली राख काडीनं उकरत बसले.

"उजवा तं लढाईतच गेला. गोळा पडला बाजूले. डावा चांगला होता. या दोन वर्षांत तो बी बसला. जवळचं, जाड आवाजाचं येते. बारीक नाई येत."

"मंग इथी काऊन आले?"

"वाटलं, तारेजवळ गेलो का येईन. लढाईभर तेच आयकलं ना मी. वाटलं, कानाले ओळख राह्यली अशीन."

"आन् मले काऊन नाई सांगितलं?"

राखेत काडी फिरवली. मग म्हणाले, "तू दिवसभर बोलत रायते. मले सारं नाई समजत, पन तोंड चालताना दिसते. तुले सांगितलं अस्तं तं तू बोलनं बंद केलं अस्तं."

मी म्हटलं, "माह्यं बोलनं बंद? इतक्या सोप्या सुटका होत नसतेत!"

हे त्यांना ऐकू आलं की ओठांवरून कळलं, माहीत नाही. पण हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

१४ ऑक्टोबर

दिवसभर अबोला. तेही कामावर, मीही. चार खड्डे वाढले.

१५ ऑक्टोबर

सकाळी यांनी सरळ माझ्या डोक्यावर हेडफोन घातला.

घातला म्हणजे काय, अंबाड्यात अडकला. "अंबाडा खाली घे." खाली घेतला. मग दांडी कानांवर बसेना, माझं डोकं यांच्यापेक्षा लहान. (यांच्या म्हणण्याप्रमाणे आत काही कमी आहे म्हणून.) शेवटी खाली फडक्याची घडी घालून बसवला.

खोलीच्या मागे एक तारेचा तुकडा त्यांनी आधीच पुरून ठेवला होता. कधी पुरला कोण जाणे. मला चाळणी धरायला शिकवली. आडवी नाही, अशी. हात ताठ. पावलं हळू. आणि मला ऐकू आलं! बारीक, डासाच्या गुणगुणीसारखं. चालले तसं वाढलं, वाढलं, मग पातळ झालं आणि एकदम काही नाही. पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा गुणगुण. मागे आले, पुन्हा काही नाही.

मी बोट खाली केलं. "इथी!"

त्यांनी उकरलं. तार.

मी नाचलेच जवळजवळ. हे माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "कसं वाजते?"

मी डास करून दाखवला. म्हणाले, "तोंड नको वाकडं करू, तसं नाई वाजत."

१६ ऑक्टोबर

आज फार्मवर गेलो, हेडफोन माझ्या डोक्यावर. लच्छू, सुकरी, जलालभाई, सगळे बघत उभे. मी घरून ठरवून आले होते काय सांगायचं ते — या मशीनला दोन माणसं लागतात, एक धरायला एक ऐकायला, फौजेत असंच असतं. चांगली थाप होती. रस्ताभर घोकली होती.

आगाशे साहेबांनी चष्मा वर केला. "या कशाला?"

मी तोंड उघडलं, पण हे पुढे झाले. ताठ उभे राहिले, परेडसारखे.

"साहेब, मले आयकू येत नाई. लढाईत कान गेला. ते सारे खड्डे माह्यी चूक हाय. माह्या बायकोचे कान चांगले हायेत. ती आयकीन, मी रस्ता सांगीन."

लच्छूच्या हातात फावडं तसंच. मग जलालभाई हळूच म्हणाले, "म्हंजे ते अस्वल..."

"नाई आयकू आलं, जलालभाई. मागून कोन आलं ते तुमी सांगितल्यावर कळलं. आन् मंग पाय कापले."

अस्वलाच्या दिवशी सगळे यांना बहाद्दर म्हणाले. मीही तसंच लिहिलं. खरे बहाद्दर ते आज.

साहेब चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, इकडून या. त्या बाजूला खड्डे फार आहेत, पडाल."

मग चाललो. मी चाळणी धरून, हे माझ्या समोर, उलट्या पावलांनी, माझ्या तोंडाकडे पाहत. आवाज गप्प झाला की मी मान हलवायची, ते तिथे खुंटी ठोकायचे. सुकरी खुंट्या देत होती. दुपारपर्यंत खुंट्यांची ओळ झाली, दोरीसारखी सरळ, तलावाकडून आमच्याकडे. सगळे जुने खड्डे ओळीच्या बाहेर! एक मात्र अगदी एका हातावर होता. हे त्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माहा." फुशारकी जात नाही.

मग एका ठिकाणी मला गप्पची जागा सापडेना. पुढे गप्प नाही, मागे गप्प नाही. मी घाबरले. "हरवली!" म्हटलं.

त्यांनी माझा खांदा धरला, अंगठ्यानं डावीकडे वळवलं. "असं जा." गेले. गप्प! पुन्हा उजवीकडे. गप्प! "वळली," हे म्हणाले. "वळसा हाय. इथीच हाय तो." माझ्या कानांना ते कळलं नसतं. वळसा कसा घालतात ते त्यांच्या हातांना माहीत.

लच्छूनं सब्बल घातली. माती. पुन्हा घातली. माती. तिसऱ्यांदा — ठण्ण!

सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. हे सब्बलीकडे पाहतच नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथूनच त्यांना कळलं.

१७ ऑक्टोबर

वाल गंजलेला, हत्तीनंही हलणार नाही असा. जलालभाईंनी रात्रभर घासलेटात भिजवून ठेवला होता. सकाळी मोठी किल्ली लावली, तिला नळाचा तुकडा जोडून लांब केली. जलालभाई, लच्छू, हे, तिघं लटकले. आगाशे साहेबांनीही बाह्या वर केल्या! जलालभाई किल्लीलाच शिव्या घालत होते, मग माझी आठवण होऊन "माफ करना बहेन" म्हणत होते, मग पुन्हा शिव्या.

कुरकुर झाली. आधी हवा आली, खोकल्यासारखी. मग लाल पाणी. मग पांढरं!

सुकरी "येर! येर!" ओरडत बांधीतून धावली. त्यांच्या बोलीत पाणी. भेगांमध्ये पाणी शिरताना बुडबुडे येत होते, सगळी जमीन काही चावत असल्यासारखी. धान अजून हातचा गेलेला नाही, साहेब म्हणाले. वरच्या बांध्या वाचतील.

किल्ली सुटली तेव्हा हे उताणे पाण्यात पडले. उठले आणि दिवसभर तसेच ओल्या कपड्यांत वाल धूत बसले. म्हटलं, कपडे बदला. ऐकू आलं नाही म्हणे! हे बरं आहे आता.

१९ ऑक्टोबर

नवी सोय झाली आहे. नको ते ऐकू येत नाही, हवं ते येतं. "पाणी भरून द्या" — ऐकू येत नाही. "भजी केली" — अंगणातून ऐकू येतं!

जलालभाई म्हणतात, "बहेन, सारे शोहर असेच. तुमच्याजवळ निदान कारन हाय."

२२ ऑक्टोबर, दसरा

दुसरा वालही सापडला, परवाच. तिसरा नाही. तिसऱ्यासाठी माझे स्वतःचे तीन खड्डे झाले. हे प्रत्येक खड्ड्यात वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "चप्पल हाय का?" मी काय बोलणार! एकदा माझ्याच पैंजणाच्या आवाजात गुणगुण बुडाली आणि मी "इथी" म्हटलं होतं. तिसरा वाल गेला, साहेब म्हणाले, दोनावर भागेल.

पाळ फोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आज साहेब स्वतः सुकरीच्या गावात गेले सोनं द्यायला. तिथल्या म्हाताऱ्यानं त्यांना मोहाची दारू देऊ केली. साहेबांनी ती पाणी समजून घेतली की समजून उमजून, यावर जलालभाईंचं आणि माझं एकमत नाही. परतून घरी जाताना मला म्हणाले, "बाई, येतो." म्हटलं, आता कसं बरोबर बोललात!

संध्याकाळी यांना आपट्याचं पान दिलं, पाया पडले. म्हणाले, "औक्षवंत हो. आन् बोलत राय."

२७ ऑक्टोबर

काल निघणार होतो. यांना ताप आला. आधी थंडी, दोन वाकळी घालूनही दात वाजत होते, मग अंग तव्यासारखं. ओल्या कपड्यांत बसायचं नाही असं मी सांगितलं होतं. जलालभाई म्हणाले, ओल्यानं नाही, हा इथल्या मच्छरांचा ताप. मी यांना म्हटलं, पाहा, खरा डास आला तर तुम्हाला ऐकू आला नाही, मला बोलवायचं होतं. अंगात ताप, तरी हसले.

साहेबांनी मुलचेऱ्याहून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणवल्या.

२९ ऑक्टोबर

ताप उतरतो आणि चढतो. कोयनेल कडू म्हणून तोंड फिरवतात, लहान पोरासारखे. गुळात लपवून देते. म्हणतात कानात घंट्या वाजून राहिल्या. जलालभाई म्हणतात, कोयनेलनं वाजतातच, ताप गेला की जातील. मी म्हटलं, मजा आहे, तुम्हाला काही तरी वाजतं तर आहे!

सुकरी रोज येते. शेंगा आणते. उशाशी बसते आणि जाते.

३१ ऑक्टोबर

ताप गेला! घाम फुटला, अंग गार. पेज प्याले. शांत झोपले आहेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून पाऊस. कवेलूंवर असा कोसळतोय की माझं मलाच ऐकू येत नाही. हे जागे झाले, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "बाहेर असं अंधारून काऊन आलं?" मी सांगितलं. पुन्हा सांगितलं, अगदी डाव्या कानाशी, ओरडून. ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. घंट्याही गेल्या म्हणाले, आणि उरलासुरला डावा कानही.

मी त्यांचा हात मांडीवर घेतला, तळवा उलगडला आणि त्यावर बोटांनी पाऊस वाजवला, पडत होता तसा, जोरात.

माझ्या बोटांकडे पाहत होते. मग म्हणाले, "एवढा?"